सात माणसे आणि पाव किलो बेसन : रात्रीचे जेवण स्वस्तात आणि पोटभर कसे करावे?

सेलूकर सून

नमस्कार. वर्धा जिल्ह्यातील सेलू तालुक्यात, बाजाराच्या गावापासून बरेच आत, आमचे सात माणसांचे घर आहे. सासू-सासरे, आम्ही दोघे, धाकटे दीर आणि दोन मुले. सकाळच्या स्वयंपाकाची फारशी अडचण नाही, कारण पोळी-भाजीचा डबा भरला की ज्याचा तो घेऊन जातो. खरा प्रश्न रात्रीचा आहे. शेतातून आलेली चार माणसे आणि दिवसभर उनाडलेली दोन मुले एकाच वेळी ताटावर बसतात, आणि नेमके तेव्हाच घरात भाजी म्हणावी असे काही उरलेले नसते.

आमच्याकडचा बाजार आठवड्यातून एकदाच भरतो. पहिले तीन दिवस वांगी, भेदरे (टोमॅटो), पालक यांवर निघतात. चौथ्या दिवशी टोपलीच्या तळाशी दोन आलू, चार कांदे आणि सुकत चाललेला सांबार (कोथिंबीर) एवढेच दिसते. मग वरण-भात होतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा वरण-भात होतो, आणि धाकटा "आजही वरणच का?" असे विचारतो. सासऱ्यांना भाकरीशिवाय जेवण झाल्यासारखे वाटत नाही आणि नुसत्या वरणाबरोबर भाकर त्यांच्या घशाखाली उतरत नाही.

धान्याची चिंता नाही. प्राधान्य कुटुंबाच्या शिधापत्रिकेवर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते आणि १ जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. पैसे जातात ते डाळ, तेल आणि भाजी या तिघांवर. मला नवीन पदार्थ नकोत, पनीर आणि मशरूम तर अजिबात नकोत. घरात आहे तेवढ्यातच, शेतातून आल्यावर तासाभरात होणारे आणि सात माणसांची भूक भागवणारे काय करता येईल, ते कृपया सविस्तर सांगावे.

एक कबुलीही देऊन टाकते. मागच्या आठवड्यात मी पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा केला होता. रस्स्यात सोडल्याबरोबर पातोड्या विरघळल्या आणि शेवटी सगळ्यांनी तिखट पातळ पिठले म्हणून तो खाल्ला. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी तो पुन्हा वाढूनही घेतला नाही.

पांढरकवड्याची काकू

सूनबाई, तुमच्या पातोड्या कच्च्या राहिल्या, म्हणून विरघळल्या. बेसन पाण्यात शिजायला आपण समजतो त्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि ते घट्ट झाले म्हणजे शिजले असे समजून बहुतेक जणी कढई खाली उतरवतात. मी माझी रीत सांगते. ती लांब आहे, पण एकदा हातात बसली की घड्याळ पाहावे लागत नाही.

सात माणसांना पाव किलो बेसन पुरते. ते आधी थोड्या गार पाण्यात गुठळी न राहता कालवून ठेवावे. कढईत दोन चमचे तेलाची फोडणी करावी, तिच्यात जिरे, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, हळद आणि असतील तर तीळ घालावेत. वाटीला दीड वाटी या हिशेबाने पाणी धरावे. कालवताना वापरलेले पाणी त्यातून वजा करून उरलेले फोडणीत ओतावे आणि मीठ घालून चांगले खळखळू द्यावे. मग एका हाताने बेसन सोडत दुसऱ्या हाताने सराट्याने ढवळत राहावे. दोन-तीन मिनिटांत गोळा घट्ट होतो आणि हात दुखू लागतो. नेमक्या याच वेळी थांबायचे नाही. जाळ कमी करून कढईवर झाकण ठेवावे, मधूनमधून ढवळत सात-आठ मिनिटे वाफ येऊ द्यावी. कढईच्या कडेने बेसन सुटू लागते, त्याचा कच्चा वास जाऊन भाजक्या चण्यासारखा वास येतो. ओल्या बोटांनी सुपारीएवढा तुकडा घेऊन वळून पाहावा. तो बोटांना चिकटला तर अजून वाफ हवी, आणि गुळगुळीत गोळी झाली तर कढई उतरवावी.

कोपराला, म्हणजे परातीला, तेलाचा हात लावून त्यावर हे मिश्रण ओतावे, पाण्याच्या हाताने करंगळीच्या जाडीएवढे थापावे, वर सांबार पसरावा आणि पूर्ण गार झाल्यावरच वड्या पाडाव्यात. गरम असताना सुरी फिरवण्याचा मोह आवरावा.

रस्सा मात्र पातळच हवा, कारण पातोडी रस्सा पिते. दोन कांदे चुलीच्या निखाऱ्यात भाजून घ्यावेत, दोन बोटांएवढा खोबऱ्याचा तुकडा भाजावा, लसूण, धणे, तिखट घालून पाट्यावर वाटावे. खोबरे परवडत नसेल तर मूठभर फल्लीदाणे (शेंगदाणे) किंवा भाजलेले तीळ चालतात. जवस घालूनही मी करते, मात्र तेव्हा रस्सा थोडा बुळबुळीत होतो आणि आमच्या घरात एकाला तो आवडत नाही. गंज (पातेले) चुलीवरून खाली उतरवल्यानंतर, पाने वाढायला घेताना पातोड्या सोडाव्यात. उशिरा येणाऱ्या माणसाच्या पातोड्या वेगळ्या ठेवाव्यात आणि तो आल्यावर त्याच्या वाटीत घालाव्यात. रस्स्यात तासभर पडून राहिलेली पातोडी चवीला वाईट नसते, पण चमच्याला लागत नाही.

आणि बेसनासाठी शक्यतो घरची चणाडाळ गिरणीवर दळून आणावी. आम्ही एकदा तालुक्याच्या एका दुकानातून सुटे बेसन आणले, त्याचा गोळा काही केल्या जमेना, चवही कडवट लागत होती. तेव्हापासून डाळ निवडून, उन्हात तापवून, किंचित रवाळ दळून आणते.

धानपट्टा

मी भंडारा जिल्ह्यातला. आमच्याकडे रात्री भाकर फारशी होत नाही, भाताचाच भर असतो, म्हणून तुमच्या सासऱ्यांच्या प्रश्नाला माझे उत्तर कितपत उपयोगी पडेल हे सांगता येत नाही. पण मुलांना वरण-भाताचा कंटाळा आला असेल तर गोळाभात करून पाहा. तीच डाळ, तोच तांदूळ, तेवढाच जाळ, आणि ताटात पदार्थ मात्र वेगळा दिसतो.

चणाडाळ मिक्सरमधून किंवा जात्यावर रव्यासारखी जाड भरडावी. पाव किलोपेक्षा जास्त लागत नाही. तिच्यात तिखट, हळद, हिंग, मीठ आणि दोन चमचे कडकडीत तेल घालून पाण्याच्या हबक्याने भिजवावी आणि मुठीत दाबून लिंबाएवढे गोळे वळावेत. भात मोकळ्या गंजात शिजत ठेवावा. वरचे पाणी आटून भाताच्या तोंडावर भोके दिसू लागली की त्या वाफेवर गोळे ठेवून घट्ट झाकावे आणि मंद जाळावर पंधरा मिनिटे सोडून द्यावे. कुकरमध्ये करू नये, गोळ्याचे पीठ होते. ताटात भात घेऊन त्यावर गोळा कुस्करायचा, वर हिंग-मोहरी आणि लाल मिरचीची तेलाची फोडणी ओतायची, बाजूला चिंचेचे पातळ सार घ्यायचे. भाजी नाही हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

तांदूळ थोडा जुना असावा, नव्या तांदळाचा भात चिकटतो आणि गोळे त्यात रुततात. आमच्या भागात बहुतेक घरी एचएमटी असतो. विषयाला थोडा सोडून, पण सांगतोच. हे वाण चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्याने स्वतःच्या बांधीत (धानाच्या शेतात) वेगळी दिसलेली लोंबी निवडून, वर्षानुवर्षे तिची निवड करत तयार केले, आणि त्या वेळी लोकप्रिय असलेल्या घड्याळाचे नाव त्याला पडले. ते २०१८ मध्ये गेले. त्यांच्या हातचा तांदूळ आज विदर्भाबाहेरही रोजच्या ताटात आहे.

चणाडाळ महाग वाटली तर आमच्याकडे लाखोळी या कडधान्याच्या डाळीचेही गोळे करतात. ती बरीच स्वस्त पडते.

अंगणवाडीताई

धानपट्टा दादा, गोळाभाताची रीत उत्तम सांगितली, पण शेवटच्या ओळीवर मला थांबावे लागले. लाखोळी धानाच्या उभ्या पिकात फेकून पेरतात, तिला ना मशागत लागते ना पाणी, म्हणून ती स्वस्त असते, हे खरे आहे. मात्र तिच्यात असलेल्या विषारी घटकामुळे, महिनोन्महिने प्रामुख्याने लाखोळीवरच जगणाऱ्या माणसांचे पाय कायमचे लुळे पडल्याचा इतिहास आपल्याच भागांत आहे, आणि एकेकाळी तिच्या विक्रीवर बंदीही होती. कधीतरी केलेल्या गोळ्यांनी असे होत नाही. परंतु येथे प्रश्न रोजच्या रात्रीच्या जेवणाचा आहे, घरात वाढती मुले आहेत, आणि स्वस्त म्हणून ती रोजची होण्याचाच धोका असतो. त्यामुळे मी तिचा सल्ला देणार नाही.

धानपट्टा

ताई, मान्य आहे. आमची आजी लाखोळी गरम पाण्यात भिजवून ते पाणी ओतून देत असे, दोनदा तरी. तिला कारण कोणी सांगितले होते की नाही कोण जाणे, पण तिने ते कधी चुकवले नाही.

अंगणवाडीताई

आजींचे बरोबर होते. तसे केल्याने तो घटक बराच कमी होतो, पण पूर्ण जात नाही.

आता सेलूकर ताईंच्या मूळ प्रश्नाकडे वळते. पोटभर आणि पौष्टिक या दोन गोष्टींत फरक आहे, तो सांगितला पाहिजे. नुसत्या भाताने किंवा पोळीने पोट भरते, पण दोन तासांनी मूल पुन्हा खायला मागते. धान्यात जे एक प्रथिनद्रव्य कमी असते ते डाळीत भरपूर असते, आणि डाळीत जे कमी असते ते धान्यात असते. म्हणून वरण-भात, चून-भाकर (पिठले-भाकर), अंबाडीत घातलेल्या कण्या आणि डाळ ही आपली जुनी जोडी आहे. डाळ थोडी असली तरी चालेल, पण एकाच वेळच्या ताटात दोन्ही असावे. पालेभाजी किंवा वरणावर लिंबू पिळावे, त्यामुळे भाजीतले लोह अंगी लागते. जेवण झाल्याबरोबर चहा घेण्याची सवय असेल तर तो तासभर पुढे ढकलावा, कारण तो हेच लोह अडवतो.

तेलाबद्दलही एक सांगते. माणशी महिन्याला साधारण अर्धा किलो तेल पुरते. सात माणसांच्या घरात साडेतीन किलोच्या वर जात असेल तर ते रस्स्यावरच्या तर्रीत जाते आहे असे समजावे.

आणि सोयाबीनचे काय? आपल्या शेतात एवढे सोयाबीन होते, त्याचा एक दाणाही चुलीवर का चढत नाही?

वाशीमचा शेतकरी

चढला होता, ताई. आमच्या आईने कुठल्याशा शिबिरात ऐकून पाच किलो गव्हात दोन किलो सोयाबीन टाकून दळून आणले. पोळीला असा कच्चट वास होता की पहिल्या दिवशी आम्ही खाल्ली, दुसऱ्या दिवशी बैलांनी खाल्ली आणि उरलेले पीठ आजही कोणत्या तरी डब्यात असेल. त्या आठवड्यात घरातल्या तिघांची पोटेही बिघडली. आम्ही सोयाबीन पिकवतो, ते तेल गिरणीला आणि पेंड परदेशात जाते, हेच बरे.

शिवाय सोयाबीन आल्यापासून आमच्या भागातली ज्वारी गेली, हेही नमूद करतो. पूर्वी घरची भाकर होती, जनावरांना कडबा होता. रानडुकरांनी आणि पाखरांनी उरलीसुरली ज्वारी संपवली. आता ज्वारी विकत आणावी लागते आणि शिधापत्रिकेचे गहू फुकट मिळतात, म्हणून भाकर ही चैनीची वस्तू झाली आहे. सेलूकर ताईंच्या सासऱ्यांचे दुःख मला समजते.

अंगणवाडीताई

दादा, तुमच्या आईंची चूक नाही, त्यांना अर्धेच सांगितले गेले. कच्च्या सोयाबीनमध्ये पचन अडवणारा घटक असतो आणि तो उष्णतेनेच जातो. त्यामुळे सोयाबीन आधी उकळत्या पाण्यात टाकून वीस मिनिटे उकळावे, पाणी ओतून द्यावे, साल चोळून काढावी, कडक उन्हात वाळवावे आणि मगच दळणात घालावे. प्रमाण नऊ किलो गव्हाला एक किलो, यापेक्षा जास्त नाही. तुमचे प्रमाण जवळजवळ तिप्पट झाले होते. शंभर ग्रॅम तूरडाळीत प्रथिने साधारण २२ ग्रॅम असतात, सोयाबीनमध्ये त्याच्या दीडपटीहून जास्त, म्हणून एवढ्या कमी प्रमाणातही उपयोग होतो. वास येत नाही आणि पोळी मऊ राहते.

वाशीमचा शेतकरी

बघतो. आईला आधी समजवावे लागेल, तिच्यासमोर त्या पिठाचे नाव काढायची सोय राहिलेली नाही.

दर्यापूरकर

डाळ शिजण्याविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहितो. आमचे गाव खारपाणपट्ट्यात आहे. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत विहिरींचे पाणी खारे आणि जड आहे, आणि अशा पाण्यात डाळ दीड तास शिजवली तरी दाणा तसाच राहतो. जड पाण्यातले क्षार डाळीचा दाणा मऊ होऊ देत नाहीत. ज्यांच्याकडे गॅस आहे त्यांचा गॅस त्यातच जळतो आणि ज्यांच्याकडे चूल आहे त्यांच्या पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडे). आम्ही स्वयंपाकाला नळयोजनेचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी वेगळे ठेवतो. डाळ अर्धा-पाऊण तास भिजत घातली तर कुकरच्या एक-दोन शिट्ट्या सहज वाचतात. शेतातून आल्यावर पहिले काम डाळ भिजवण्याचे, मग हातपाय धुण्याचे. चिंच, भेदरे, आमसूल यांपैकी काहीही डाळ शिजल्यावरच घालावे, आधी घातले तर डाळ अडून बसते. आमच्या शेजारणीने वर्षभर दुकानदाराला जुनी डाळ दिल्याबद्दल बोल लावला आणि दोष निघाला कुकरात सुरुवातीलाच पडणाऱ्या भेदऱ्यांचा.

आता पदार्थाचे. घरात ताक असेल तर कढीगोळे करावेत. चणाडाळ किंवा तूरडाळ, आणि डाळ भरडताना निघालेली चुरी असेल तर फारच उत्तम, चार तास भिजवून पाणी न घालता जाडसर वाटावी. सकाळी निघताना भिजत घातली तरी चालते, उन्हाळ्यात मात्र आंबते, तेव्हा दुपारी कोणाला तरी घालायला सांगावे. जिरे, लसूण, मिरची, हळद, मीठ घालून गोळे करावेत. आंबट ताकाला दोन चमचे बेसन लावून, गोडलिंबाची (कढीपत्त्याची) फोडणी देऊन कढी उकळू द्यावी. एकच गोळा आधी सोडून पाहावा. तो टिकला तर बाकीचे सोडावेत. सात माणसांना पाव किलो डाळीचे वीस-बावीस गोळे होतात, ते भाकरीशी खावेत, भाताशी खावेत, दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेले परतून खावेत. आमच्याकडे मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत ते कधी उरले नाहीत.

खोलीवाला

मी नागपुरात खोली करून राहतो, सातऐवजी दोन माणसे आहोत, तरी एक सांगतो. पातोडीचाच रस्सा करायचा आणि पातोडीऐवजी उकळत्या रस्स्यात माणशी एक अंडे फोडून सोडायचे, पाच मिनिटे हलवायचे नाही. अंडी चालत असतील तर यापेक्षा लवकर होणारे काही नाही.

सेलूकर सून

सगळ्यांचे आभार. अंडी सासूबाईंना चालत नाहीत, पण त्यांच्या माहेरी जाण्याच्या दिवसाची मुले आता वाट पाहत आहेत.

काकू, रविवारी पातोडी पुन्हा केली. तुम्ही सांगितलेल्या वेळेला मी दोनदा फसून कढई उतरवू लागले होते, कारण गोळा अगदी तयार दिसत होता, पण बोटाला चिकटला. तिसऱ्यांदा गोळी वळली. थापताना पाण्याचा हात थोडा जास्त झाला, एका बाजूच्या वड्या पातळ झाल्या, तरीही एकही फुटली नाही. सासूबाईंनी रस्सा दोनदा घेतला. सासऱ्यांसाठी फक्त दोन भाकरी ज्वारीच्या केल्या आणि बाकीच्यांना पोळ्या. वाशीमच्या दादांनी लिहिल्याप्रमाणे ज्वारी आता जपूनच वापरावी लागते.

हिशेबही केला. आमच्या गावात चणाडाळ ९० रुपये किलोने मिळाली, म्हणजे पाव किलोचे साडेबावीस रुपये झाले. कांदे, खोबरे, तेल, तिखट धरून रस्सा आणि पातोडी मिळून पन्नास रुपयांच्या आत बसले. बाजाराच्या दिवशी मी सात माणसांची वांग्याची भाजी करते, तेव्हा दीड किलो वांगी लागतात आणि तेल जास्त जाते, तिचा खर्च याहून कमी कधीच नसतो. इतके दिवस माझी समजूत अशी होती की भाजी नसली म्हणून बेसन करावे लागते. आता बाजाराच्या दिवशीही मी भाजी थोडी कमी आणते.

गोळाभात बुधवारी केला. धाकट्याने गोळा कुस्करायला नकार दिला आणि लाडवासारखा खाल्ला.

पांढरकवड्याची काकू

लाडवासारखा खाल्ला तरी पोटातच गेला. मुलांना तसेच देत जा.

बाजाराविषयी आठवण झाली म्हणून लिहिते. दिवस मावळताना बाजारात जावे. विकणाऱ्यांना उरलेला पाला परत न्यायचा नसतो, अंबाडीच्या चार जुड्या तेव्हा दोनीच्या भावात मिळतात. अंबाडी उकडून, तिचे आंबट पाणी पिळून काढून, मूठभर ज्वारीच्या कण्या आणि मूठभर तूरडाळ घालून घोटावी, वरून लसणाची चरचरीत फोडणी द्यावी. कण्यांमुळे ती दुप्पट होते आणि भाकरीला चिकटून राहते. ज्वारी महाग झाली तरी कण्या थोड्याच लागतात. आषाढात तरोटा येतो, उन्हाळ्यात चिवळ येते, या रानभाज्यांना तर पैसेही पडत नाहीत, फक्त निवडायला वेळ लागतो. तो वेळ शेजारणीच्या ओट्यावर बसून घालवावा.

खरी बचत मात्र माघ-फाल्गुनात करायची असते. तुमच्याकडे तूर होत असेल तर सगळी विकू नका. आम्हीही पूर्वी सगळी विकून उधारी फेडत होतो आणि आषाढात तीच डाळ चढ्या भावाने आणत होतो. एके वर्षी मी हट्टाने एक पोते ठेवून घेतले. घरधनी आठवडाभर बोलत नव्हते. क्विंटलभर तुरीची सत्तर किलोच्या आसपास डाळ होते, शिवाय चुरी गोळ्यांना आणि टरफल जनावरांना. तुरीला तेलाचा हात लावून, उन्हे देऊन भरडावी आणि डाळीला कडक ऊन दाखवून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून कोठीत भरावी. ओल्या तुरीचे सोले (हिरवे दाणे) निघतात तेव्हा दोन किलो उकडून वाळवून ठेवावेत. हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून सावलीत वाळवावा. उन्हाळ्यात मुंगवड्या (मुगाच्या डाळीच्या वाळवलेल्या वड्या) घालाव्यात. भर पावसाळ्यात, रस्ता बंद पडून बाजार हुकतो त्या आठवड्यात, मूठभर मुंगवड्या तेलात लालसर परतून, जाडसर कुटून आलूच्या रस्स्यात घातल्या की सात काय, नऊ माणसे जेवतात.

सेलूकर सून

काकू, पोत्याचे बोलणे घरात काढले आहे. दीर माझ्या बाजूने आहेत, बाकीचे विचार करीत आहेत.

दर्यापूरकर दादा, काल कढीगोळे केले. पहिला गोळा टिकला म्हणून बाकीचे सोडले आणि त्यांतले निम्मे फुटले. कढी दाट आणि चविष्ट झाली, पण गोळे मोजकेच उरले. डाळ तूर आणि चणा अर्धी-अर्धी होती, पाणी घातले नव्हते. कुठे चुकले असेल?

दर्यापूरकर

सगळे गोळे एकदम सोडले असतील तर कढीची उकळी बसली. उकळी बसली की गोळा कढीत भिजत राहतो आणि सुटतो. चार-चार सोडावेत, पुन्हा उकळी फुटू द्यावी, मग पुढचे चार. पहिली पाच मिनिटे डाव घालू नये आणि झाकण ठेवू नये. वर तरंगू लागले की जाळ कमी करून दहा मिनिटे शिजू द्यावे. तरीही शंका वाटली तर वाटलेल्या डाळीत चमचाभर बेसन कालवावे.

सेलूकर सून

एकदमच सोडले होते. मुले गंजाभोवती उभी होती आणि मला घाई झाली होती. उद्या ताक आहे, उद्याच पुन्हा करते, चार-चार सोडून.